अ‍ॅव्हरेज सांगा, पण रस्ताही सांगा : गाडीवेड्या मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

टाटावाले, मारुतीवाले, महिंद्रावाले, ‘जर्मन गाडीचं दार एकदा लावून तर बघा’ म्हणणारे आणि ‘टोयोटा घ्या, बोनेट उघडायचं विसरा’ म्हणणारे, अशा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी लिहिली असती तर प्रत्येकाला वाटलं असतं की दुसऱ्याचं कौतुक जरा जास्तच केलंय.

कुणीतरी साधा प्रश्न विचारतो : बारा लाखांत घरासाठी कोणती गाडी घेऊ? पाचव्या उत्तरापर्यंत कुणाची तरी गाडी पत्र्याचा डबा ठरलेली असते, कुणीतरी कंपनीचा पगारी ठरलेला असतो आणि विचारणारा गप्प झालेला असतो. यात खोटं बोलणारे फार थोडे असतात. बहुतेक जण आपल्या गाडीत, आपल्या रस्त्यावर जे अनुभवलं तेच सांगतात, फक्त तो रस्ता कुठला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय कुणाचा हे सांगायचं राहून जातं. शिवाय दहा लाख घातलेत, हप्ते अजून चालू आहेत, अशा वेळी आपली निवड चुकली असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. आकडा द्याल तिथे त्याची परिस्थिती द्या, आणि मत द्याल तिथे त्यात तुमचं काय गुंतलंय ते सांगा. मग खुशाल भांडा.

अ‍ॅव्हरेजपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त तोंड तिथेच वाजतं.

कंपनी छापते तो आकडा रस्त्यावरचा नसतो. गाडी रोलरवर चढवून, ठरवून दिलेल्या वीसेक मिनिटांच्या चक्रात, एसी बंद ठेवून तो काढतात. त्या चक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिच्या नावावरून आपण त्याला ‘एआरएआयचं अ‍ॅव्हरेज’ म्हणतो. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला हा आकडा चांगला, पण आपल्या टाकीचा हिशेब त्यावर लावू नये. समृद्धीवर एक जण ८० ने जातो, दुसरा १२० ने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला सव्वादोन पट विरोध कापावा लागतो. एक म्हणतो २२, दुसरा म्हणतो १५. गाडी तीच, इंजिन तेच. दोघांनी एकमेकांना थापाड्या म्हणायचं काही कारण नाही, वेग लिहिला असता तरी पुरलं असतं.

मुंबई-पुणे प्रवासाचे आकडे तर दिशा सांगितल्याशिवाय वाचूच नयेत. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. माणसं आणि सामान धरून तेराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला, इंजिनची कार्यक्षमता लक्षात घेता, सुमारे पाऊण लिटर पेट्रोल निव्वळ उंचीपायी जातं. सपाटीवर १८ देणारी गाडी दीडशे किलोमीटरला सव्वाआठ-साडेआठ लिटर पिते. तीच मुंबईहून पुण्याला येताना साडेसोळाच्या आसपास येते आणि परतताना एकोणीसच्या पुढे जाते. उतारावर सगळं परत मिळत नाही, कारण बोरघाटात बरंचसं ब्रेकच्या उष्णतेत निघून जातं. ‘पुण्याहून दादरला गेलो, एकोणीस मिळालं’ हे वाक्य खरं असूनही फसवं आहे. जाऊन-येऊन काढा.

मोजायचं कसं, हेही एकदा बोलून टाकू. गाडीच्या मीटरवर दिसणारं अ‍ॅव्हरेज इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या हिशेबावरून काढलेलं असतं आणि बहुधा थोडं उदार असतं. खरं मोजायचं तर टाकी फुल करायची, नोजल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोजलने, तसंच भरायचं. कट-ऑफ दर वेळी नेमका एकाच पातळीवर होत नाही, अर्धा लिटर इकडेतिकडे होतो. दहा लिटर भरून हिशेब केलात तर या अर्ध्या लिटरची चूक पाच टक्के, म्हणजे १८ चे १७ किंवा १९ होतात. तेच तीन टाक्या मिळून शंभर लिटरवर काढलं तर चूक अर्ध्या टक्क्यावर येते. मधल्या भरण्यांमधला कमी-जास्तपणा आपोआप कटतो, फक्त पहिली आणि शेवटची पातळी मोजमापात राहते. म्हणून ‘पहिल्याच टाकीला २१ दिलं’ या बातमीवर अभिनंदन जरूर करावं, निष्कर्ष काढू नये.

आणि ज्यांनी टायर बदललेत त्यांच्यासाठी एक : १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ आर १५ घातले तर चाकाचा व्यास सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. मीटर तेवढं कमी अंतर मोजतो. गाडीने काहीही बिघडवलेलं नसताना अ‍ॅव्हरेज दोन टक्के पडलेलं दिसतं आणि शिव्या टायर कंपनीला बसतात. रुंद टायर जरा जास्त खातो हेही आहेच, पण आधी मीटरचा भाग वजा करा.

आता पत्रा.

बोनेटवर बोटाने दाबून किंवा दाराच्या आवाजावरून गाडीची ताकद ठरवायची सवय आपल्याकडे खोल गेली आहे. बाहेरचा पत्रा बहुतेक गाड्यांत पाऊण मिलिमीटरच्या आगेमागे असतो. धडकेचा भार तो घेतच नाही. समोरची धडक घेतात बंपरमागची आडवी पट्टी, इंजिनच्या दोन्ही बाजूंनी जाणारे लांब चॅनेल, काचेच्या कडेचे खांब आणि दाराखालची चौकट. यांचं पोलाद वेगळ्या जातीचं असतं, आणि ते नेमकं कुठे चुरगळायचं व कुठे अजिबात वाकायचं नाही हे आधी ठरवलेलं असतं. पार्किंगमध्ये कुणाच्या कोपराने खड्डा पडला, तर त्यावरून या आतल्या सांगाड्याबद्दल काहीही कळत नाही. डेंटिंगवाल्याचं मत इथे मोलाचं असतं, पण दुरुस्ती किती सोपी एवढ्यापुरतंच.

२०२२ पर्यंत चाकणला बनत असलेल्या फोक्सवॅगन पोलोचं उदाहरण या वादात दोन्ही बाजूंनी नीट वाचण्यासारखं आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेऊन सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने धडकवल्या. बिनएअरबॅगच्या पोलोचा सांगाडा टिकला, पण गाडीला शून्य तारे मिळाले, कारण आतल्या माणसाचं डोकं आणि छाती वाचत नव्हती. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. ‘जर्मन गाडी दणकट’ म्हणणारा चुकला नव्हता आणि ‘शून्य तारे’ म्हणणाराही चुकला नव्हता. व्हेरिएंट कुणीच लिहिलं नव्हतं.

ताऱ्यांची तुलना करताना परीक्षा कुठली ते आधी बघा. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळाले, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेचे गुण १७ पैकी होते, तिला मिळाले १६.०६. २०२२ च्या मध्यापासून ग्लोबल एनकॅपने पद्धत कडक केली : बाजूची धडक, खांबावरची धडक आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) जमेस धरली, गुण ३४ पैकी झाले. २०२४ मध्ये नव्या नेक्सॉनला ३२.२२ मिळाले. तारे पाचच, पण दुसऱ्या वेळी पेपर बराच अवघड होता. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप सुरू झालं. तिथे मोठ्यांचे गुण ३२ पैकी आणि लहान मुलांचे ४९ पैकी असतात. तेव्हा ‘२०१९ ची पाच ताऱ्यांची’ आणि ‘२०२५ ची चार ताऱ्यांची’ यांची थेट कुस्ती लावू नका.

मारुतीवाल्यांनी मान्य करावं की डिसेंबर २०२२ मध्ये स्विफ्ट, इग्निस आणि एस-प्रेसो या तिघींना एकेकच तारा मिळाला होता. टाटावाल्यांनी मान्य करावं की नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरने त्याच कडक पद्धतीत मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळवले. कंपनीचं नाव घेऊन केलेला सुरक्षेचा सरसकट दावा कुठल्याच बाजूने टिकत नाही. मॉडेल, साल, एअरबॅग किती, एवढं लिहिलं तरच पुढे बोलण्यासारखं काही राहतं. आणखी एक गोष्ट सगळेच विसरतात : समोरच्या धडकेची चाचणी साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी असते. पाच ताऱ्यांची नऊशे किलोची गाडी आणि तीन ताऱ्यांची सतराशे किलोची गाडी समोरासमोर आल्या, तर तारे मोजून निकाल सांगता येत नाही.

पेट्रोलमध्ये उसापासूनही बनणारं इथेनॉल मिसळण्याच्या वादात तर प्रत्येकाचा खिसा उघडा पडतो. ज्याच्या घरी ऊस आहे, किंवा ज्याचं गाव कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या एखाद्या कारखान्यावर चालतं, त्याला वीस टक्के मिश्रणात काही दोष दिसत नाही. ज्याची २०१५ ची पेट्रोल गाडी आहे, त्याला सगळे दोष त्यातच दिसतात. दोघांनी एवढं एक वाक्य आधी लिहिलं, तर निम्मी आग तिथेच विझेल. उसाचा पैसा हवा असणं काही गुन्हा नाही, जुनी गाडी जपणंही नाही.

मग आकडे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मध्ये ऊर्जा साडेसहा-सात टक्क्यांनी कमी आणि ई-१० (दहा टक्के) पेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाजही याच वळणाचा होता : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट, ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्यांत एक ते दोन टक्के. आता वर टाकीच्या चुकीचा हिशेब मांडला तो इथे लावून बघा. ‘मला काहीच फरक पडला नाही’ म्हणणाऱ्याने दहा लिटरवर मोजलं असेल, तर तीन टक्के त्याला दिसणंच शक्य नव्हतं. आणि ‘१८ वरून १३ वर आलं’ म्हणणाऱ्याच्या गाडीत दुसरं काहीतरी आहे : टायरमध्ये हवा कमी, एअर फिल्टर चोंदलेला, ब्रेक चिकटून चाक जड फिरतंय, थर्मोस्टॅट उघडा अडकल्यामुळे इंजिन तापतच नाही, किंवा ऑक्सिजन सेन्सर गेलाय. गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवून बघायला दहा मिनिटं लागतात. तेवढं न करता सगळा दोष पंपावर ढकलला, तर ब्रेक तसाच चिकटलेला राहतो.

जुन्या गाडीत खरी काळजी अ‍ॅव्हरेजची नसून रबराची आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत इंधनाच्या संपर्कातले भाग ई-२० चालतील असे दिले आहेत. त्याआधीच्या गाडीत मॅन्युअल काय म्हणतं ते वाचा, आणि सर्व्हिसिंगला इंधनाचे रबरी पाइप, त्यांची टोकं व इंजेक्टरच्या ओ-रिंग मुद्दाम बघायला सांगा. रबर फुगलेलं, चिकट झालेलं किंवा वाकवल्यावर चिरा दाखवणारं असेल तर बदला. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, म्हणून महिना-दोन महिने उभी राहणारी गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर ठेवू नका. हे सल्ले उसाच्या बाजूचा देवो की पेट्रोलच्या बाजूचा, सारखेच लागू पडतात.

गिअरबॉक्स आणि डिझेलचं थोडक्यात सांगतो. कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक, म्हणजे एएमटी (क्लच-गिअर मोटर बदलते असा साधा गिअरबॉक्स) किंवा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा), हिंजवडीच्या रांगेत इंच-इंच सरकताना सतत हाफ क्लचवर असतो आणि तापतो. सातारा-कोल्हापूर रस्त्यावर तोच गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो. पुढे गाडीभर जागा होईपर्यंत ब्रेक पूर्ण दाबून थांबावं, चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नये, हे सांगितलं तर समोरच्याचा फायदा होतो. ‘ऑटोमॅटिक घेऊच नका’ याने होत नाही. बीएस-६ डिझेलचंही तसंच. रोज चार किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्याचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) भरत जातो, कारण साठलेली काजळी जाळायला सायलेन्सरच्या वाटेत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि ते होण्याआधीच गाडी बंद होते. ती जाळण्यासाठी उशिरा फवारलेलं डिझेल काही वेळा खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. नाशिक-धुळे रोज करणाऱ्याला डीपीएफ भरल्याचा दिवा कधी दिसतही नाही. म्हणून रोजचं अंतर आणि एका फेरीचं अंतर, दोन्ही लिहा.

‘एक लाख झाले, गाडीला हात लावावा लागला नाही’ हे वाक्यही अर्धवट आहे. किती वर्षांत, कुठल्या रस्त्यावर, काय काय बदललं, एकूण खर्च किती? क्लचप्लेट, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश ही यादी दिली तर ती दहा जणांच्या उपयोगाची. एका गाडीवरून मॉडेल ठरत नाही, आणि ज्यांची गाडी लवकर बिघडली त्यांनी ती विकून टाकलेली असते, त्यामुळे जुन्या मॉडेलबद्दल बोलायला समाधानी लोकच जास्त उरतात. शिवाय स्वतःच्या गाडीला चारचौघांत नावं ठेवली की तिची रिसेल पडते, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक असतं.

हितसंबंध सांगण्याचं इतकं वावडं का असावं कळत नाही. पिंपरी, चाकण, रांजणगाव, नाशिक, संभाजीनगर इथे घरटी कुणीतरी गाड्यांच्या कारखान्यात नाहीतर त्यांना सुटे भाग देणाऱ्या शॉपमध्ये असतो. त्या गाडीवर त्याचा जीव असणारच, आणि वेल्डिंगचे स्पॉट कुठे किती असतात हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ‘मी याच कंपनीच्या व्हेंडरकडे आहे’ म्हटल्याने त्याच्या माहितीचं वजन वाढतं. व्हिडिओ करणाऱ्यांनी गाडी कंपनीकडून किती दिवसांसाठी आली होती ते सांगावं. चार दिवसांत गाडीचा पिकअप कळतो, तिसऱ्या वर्षी डॅशबोर्ड खडखडतो का ते कळत नाही.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल. वडीलधारे म्हणतात, ‘पस्तीस वर्षं गाडी चालवतोय, ऑइल जाडच हवं.’ पोरं म्हणतात, ‘काका, पद्मिनीचा जमाना गेला.’ काकांच्या इंजिनला जाड ऑइल खरंच लागत होतं. आजच्या इंजिनात ऑइलच्या वाटा अरुंद आहेत आणि व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्याच दाबावर बदलतं, म्हणून मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लिहिलं असेल तर तेच घालायचं. एवढं कारण सांगायला जेवढे शब्द लागतात, टोमण्याला साधारण तेवढेच लागतात. ‘तुम्हाला चालवता येत नाही’ याऐवजी ‘हवा किती ठेवता, गाडी थंड असताना मोजता की पंपावर पोचल्यावर?’ असं विचारलं की वादाचं काम होतं. तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, आणि पंपावरचा पोऱ्या तेवढी हवा सोडून देतो.

‘अजून दोन लाख घाला आणि चांगली घ्या’ हे जरा जपून म्हणा. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी दोन लाख म्हणजे महिन्याला सुमारे ४,१५० रुपये. ज्याला सांगताय त्याने तो आकडा तुमच्या आधी मोजलेला असतो.

आणि अ‍ॅव्हरेजचा वाद मिटतच नसेल, तर असं करा. दोन मालक, दोन गाड्या, पुणे ते सातारा आणि परत. जाऊन-येऊन असल्यामुळे खंबाटकीचा चढ-उतार बराचसा फिटतो. दोन्ही टाक्या एकाच नोजलने पहिल्या कट-ऑफपर्यंत, हवा सकाळी थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, एसी दोघांचा सारखा, वेग ८० ठरवून. पहिल्या रविवारी आपापली गाडी चालवा, दुसऱ्या रविवारी अदलाबदल करा. आकडा गाडीबरोबर फिरला तर फरक गाडीचा, माणसाबरोबर फिरला तर पायाचा. सव्वादोनशे किलोमीटरला बाराएक लिटर जाईल, त्यावर चार टक्के मोजण्याची चूक धरा. त्याहून कमी फरक आला तर बरोबरी समजा, आणि चारही आकडे खाली लिहून टाका, व्हेरिएंट आणि सालासकट.

कळावे, लोभ असावा.

आपलाच,
एक गाडीवेडा
(हितसंबंध : पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, हप्ते फिटलेले, ऊस नाही)